जोगळेकरांची किल्ली

८ जानेवारी, गुरुवार

ओंकारने प्रोड्युसरला, म्हणजे आमच्या प्रो.ला, परत मेसेज टाकला. गुरुवारीच टाकायचा हा त्याचा नियम. तोही अकरा वाजून गेल्यावर, कारण त्याच्या मते प्रोड्युसर लोक त्याआधी उपाशी असतात. मेसेज दोघांनी मिळून लिहिला. एवढी मेहनत क्लायमॅक्सवर नव्हती घेतली. "सर, फक्त आठवण करून देत होतो" यातलं "फक्त" ठेवायचं की काढायचं यावरून जुंपली. ठेवलं.

दोन निळ्या टिका. पुढे काही नाही.

"वाचला ना? म्हणजे जिवंत आहे." इति ओंकार.

दिवाळी झाल्या झाल्या नॅरेशन दिलेलं, म्हणजे अख्खी गोष्ट तोंडी ऐकवलेली, त्याच्या ठाण्याच्या ऑफिसात. "छान आहे. स्क्रिप्ट पाठवा, कळवतो." आता आईने तिळाचा डबा काढलाय.

१० जानेवारी

माझी स्क्रिप्ट, 'दुपार', परत वाचली. एवढ्या दिवसांनी स्वतःचं वाचलं की लाज वाटते, तशी तयारी ठेवूनच बसलेले. नाही वाटली. उलट दोन ठिकाणी हसले. स्वतःच्याच जोकवर हसणं हे आजाराचं लक्षण असेल तर असो.

शैला. समोरचे लोक मुलाकडे परदेशात. त्यांची किल्ली हिच्याकडे, झाडांना पाणी घालायला. पाणी घालून झालं की ही तिथेच बसते. रोज दुपारी, तासभर. पंखा एकवर. चहाचा कप घरून नेते. कोणाला सांगत नाही. शेवटी ते लोक परत येतात, ही किल्ली देऊन टाकते. संपलं. ना गाणं, ना मारामारी, संवाद नावाला.

ह्याच पलंगावर बसून लिहिलेली. दुपारी आई शाळेच्या ऑफिसात, बिल्डिंग सुस्त. कुठेतरी कुकर, वर कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज. आज पण तसंच. पेरू खाल्ला मीठ लावून. मस्त दिवस.

११ जानेवारी, रविवार

वर्तकनगरला ओंकारकडे (ओ.). तो लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो पोटासाठी. स्क्रीनवर एक नवरी तीच चार पावलं पुन्हा पुन्हा चालत होती आणि हा मला सांगत होता की शैलाला त्या फ्लॅटमध्ये काहीतरी सापडू दे.

"काय सापडू दे?"

"काहीही. पत्रं. माणूस. मेलेला माणूस."

"आणि ती रोज त्याच्या शेजारी बसून चहा पिते?"

"बघ! तू पण गुंतलीस."

ह्याचं मूळ प्रो.मध्ये आहे. नॅरेशनला त्याने एकच प्रश्न विचारलेला. "पण ती तिथे जाऊन करते काय?" मी म्हटलं, काही नाही. "काही नाही म्हणजे?" म्हटलं, काही नाही म्हणजे काहीच नाही. तेव्हा त्याने पोह्यांची बशी बाजूला सारली. ओ.च्या मते तिथेच गेम झाला. माझ्या मते पोहे संपलेले.

काकूंनी (ओ.ची आई) घावन दिले. भांडण पुढे ढकललं.

१४ जानेवारी, संक्रांत

प्रो.चा मेसेज!!!

पतंगाचा स्टिकर.

ओ.चा लगेच फोन. "पतंग वर चाललाय, बघितलंस? म्हणजे पॉझिटिव्ह आहे." मग थोड्या वेळाने पुन्हा फोन, आवाज पडलेला. त्याच्या मावसभावालाही तोच पतंग आलाय. तो मेकअप करतो. त्याने प्रो.ला कसलीही स्क्रिप्ट दिलेली नाही.

आईचं हळदीकुंकू रविवारी. वाण काय द्यायचं यावर चर्चा. मागच्या वर्षी चाळणी, त्याच्या आधी पण चाळणी, कारण एकदम घेतलेल्या. मी सहज म्हटलं, माझं नॅरेशन दे वाण म्हणून. आई खरंच विचार करायला लागली.

"चालेल. पण चाळणी पण देऊ."

१८ जानेवारी, रविवार

नीट लिहून ठेवते. असं परत होईल न होईल.

हॉल फुल्ल. गजरे, अत्तर, वड्यांचा वास. मी फ्रिजला टेकून उभी. सुरुवात केली, "फेड इन, इंटिरिअर, डे..." तर तळमजल्यावरच्या काळे वहिनी म्हणाल्या, "ते इंग्लिश राहू दे गं. बाई काय करते ते सांग." मग खाली मांडी घालून बसले आणि सांगितली. नुसती गोष्ट सांगतात तशी.

एकीनेही फोन बघितला नाही. आणि "ती तिथे जाऊन करते काय" हे कोणी म्हणजे कोणीच विचारलं नाही! विचारलं ते भलतंच. दार आतून लावते का? चप्पल कुठे काढते? ("बाहेर काढली तर अख्ख्या जिन्याला कळेल ना!") घरी काय सांगून जाते? म्हटलं, घरी कोणी विचारतच नाही.

"हां," काळे वहिनी म्हणाल्या. "बरोबर."

सगळ्यांच्या वड्या हातातच राहिल्या. त्या ठाण्याच्या ऑफिसात एसीचा आवाज होता, इथे तो पण नाही.

शेवट ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "किल्ली दिली? मग ती आता कुठे जाईल?" म्हटलं, माहीत नाही आजी. "मग शोध. लिहितेस ना तू?"

साळवी काकू तेवढ्या मध्येच उठून गेल्या. दूध ठेवलंय म्हणाल्या गॅसवर. त्यांची चाळणी राहिली.

ओ.ला फोन केला तर ओरडला. "अगं मने, अख्खी स्क्रिप्ट सांगितलीस? प्रो. म्हणालेला, बाहेर कोणाला ऐकवू नका!"

"तो कळवतो पण म्हणालेला."

मग, "चपलेचा पॉइंट भारी आहे पण."

स्क्रिप्टमध्ये टाकला.

१९ जानेवारी

चाळणी द्यायला वर गेले. साळवी काकू (सा.का.) बाहेर आल्या आणि दार मागे ओढून घेतलं. आत नातवाचं कार्टून चालू. एकदम हळू आवाजात,

"कोणी सांगितलं गं तुला?"

"काय काकू?"

"नाटक नको करू. चप्पल मी आतच काढते. मग कळलं कसं? खुर्चीचा आवाज येतो का खाली?"

तरी माझी ट्यूब पेटेना. मग समोरच्या दाराकडे नजर गेली. जोगळेकरांची पाटी. ते दोघं पावसाळ्यापासून मुलाकडे कॅनडात. किल्ली सा.कां.कडे, झाडांसाठी. फ्लॅट आमच्या बरोब्बर डोक्यावर.

म्हटलं, "काकू, आईशप्पथ, माझ्या मनाचं आहे सगळं."

"कप पण मनाचा?"

मी चाळणी पुढे केली.

"कप माझाच नेते मी," त्या म्हणाल्या. "त्यांच्या भांड्याला हात नाही लावला कधी. पंखा पण नाही लावत. तू पंखा कशाला लावलास?"

मी पंख्यासाठी सॉरी म्हटलं. खरंच म्हटलं.

"पिक्चर नका काढू गं. ह्यांना कळलं तर... रागावले तर चालेल मला. हसतील ते. टीव्हीसमोर सगळे बसून हसतील, आणि मग दुपारी मी उठले की..." नातवाने हाक मारली. "कोणाला बोलू नकोस. शप्पथ आहे तुला."

खाली आले तेव्हापासून एकच डोक्यात. लिहीत होते तेव्हा वर खुर्ची सरकायची. रोज. बंद घरात. मी कधी मान वर करून विचार केला नाही की कोण सरकवतंय. की केला, आणि तोच लिहून काढला?

२२ जानेवारी, गुरुवार

ओ. मेसेज तयार ठेवून बसलेला. म्हटलं आज नको. "बरं नाहीये का तुला?" म्हटलं, पुढच्या गुरुवारी बघू. शप्पथेमुळे पुढे काही सांगता येईना. ओ.पासून काही लपवायची सवय नाही मला.

प्रो.ने आत्ताच हो म्हटलं तर? आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय की त्याने गप्प बसावं. निवांत पोहे खावेत.

काळे वहिनी आईकडे ठेवलेली त्यांची जादा किल्ली घेऊन गेल्या. "असंच हो, पाहुणे यायचेत." संध्याकाळी त्यांच्या शेजारच्यांनी पण नेली. आई खिळ्याकडे बघत म्हणाली, "आता ह्याच्यावर फक्त आपलीच राहिली. काय गोष्ट सांगितलीस बाई."

२६ जानेवारी

खाली झेंडावंदन. जिलबी. काळे वहिनी मोठ्याने, "काय हो, जोगळेकरांची किल्ली कोणाकडे असते?" सगळ्या हसल्या. चिडवायचं म्हणूनच, वाईट असं नाही. सा.का. पण हसल्या. सगळ्यात जास्त हसल्या.

सेक्रेटरींनी तेवढंच उचललं. दुपारी ग्रुपवर मेसेज. बंद घरांच्या किल्ल्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सोसायटीच्या कपाटात जमा कराव्यात, मुदत फेब्रुवारीअखेर. खाली अंगठ्यांची रांग. आईने पण अंगठा दिला. मी ओरडले तर म्हणते, "अगं सगळे देत होते."

हे माझ्यामुळे. सिनेमा झालाच नाही अजून आणि त्याने एका बाईची जागा खाल्ली.

२९ जानेवारी, गुरुवार

वर आवाज नाही. काल पण नव्हता. सा.का. झाडांना आता सकाळी पाणी घालतात, दार सताड उघडं ठेवून, जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत.

माझं पण लिहिणं ठप्प. त्या खुर्चीच्या आवाजावर चालत होतं की काय.

ओ.ने मला न विचारता मेसेज टाकला. निळ्या टिका. हुश्श.

२ फेब्रुवारी

आयडिया! आमच्या घराची किल्ली सा.कां.ना दिली. म्हटलं आई शाळेत, मी बाहेर, दुपारी इथे कोणी नसतं. तुमचंच घर.

"आणि तू कुठे जाशील?"

"खाडीवर. रेतीबंदरला. तिथे मस्त लिहिता येतं."

खोटं. कधी गेलेच नव्हते लिहायला. किल्ली त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवली.

५ फेब्रुवारी

खाडीवर खरंच मस्त लिहिता येतं! वारा, वाळत घातलेली जाळी, एक कुत्रा जो माझ्याच सावलीत झोपतो. नवीन काहीतरी सुरू झालंय, नाव नाही, काय आहे माहीत नाही. चार दिवसांत 'दुपार'ची आठवण फक्त जेवताना येते.

जाळी शिवणारी एक आजी रोज बघते. आज म्हणाली, "काय गो पोरी, कोनाची वाट बगतेस?"

म्हटलं, प्रोड्युसरची.

"तो काय होरीतशी येनार हाय?"

होडीतून येणारा प्रो.! इतकी हसले की कुत्रा उठून गेला.

घरी आले तर दोरीवरचे कपडे घड्या करून पलंगावर. कोथिंबीर निवडलेली.

६ फेब्रुवारी

आज लसूण सोललेला.

संध्याकाळी सा.का. किल्ली परत द्यायला आल्या. "नाही जमत गं. तुमच्याकडे बसलं की काम दिसतं. कपडे दिसतात, डबे दिसतात. तिकडे माझं काही नाही. त्यांची धूळ पण त्यांचीच."

हे वाक्य 'दुपार'मध्ये टाकायला हात शिवशिवतोय. शैलाचं अख्खं कारण आहे त्यात. प्रो.च्या प्रश्नाचं उत्तर आहे. ओ. नाचेल.

नाही टाकणार. म्हणजे, अजून नाही.

त्या जाताना म्हणाल्या, महिनाअखेरीला किल्ली देऊनच टाकते सेक्रेटरींना, एकदाचा सुटेल विषय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ओ. भडकला. "तू स्क्रिप्टवर रुसलीयस का? सरळ सांग ना."

म्हटलं, एका माणसाची परवानगी पाहिजे.

"कोणाची? इथे प्रो. हो म्हणत नाहीये, आणि तुला अजून एक हो पाहिजे?"

"हो."

"मने, तू एक्सपेरिमेंटल आहेस हे मान्य. पण एवढं?"

हसलो दोघं. पण लटकलंय.

१५ फेब्रुवारी, शिवरात्र

सा.का. साबुदाण्याची खिचडी घेऊन खाली आल्या. आईला डबा दिला आणि मला जिन्यात ओढलं.

"सकाळी फोन केला मी तिला."

"कोणाला?"

"जोगळेकरीणबाईंना. म्हटलं, किल्ली द्यायचीच आहे तर त्याआधी सांगून टाकावं. दुसऱ्याच्या घरात बसायचं आणि सांगायचं नाही, बरं नाही ते. सांगितलं, मी दुपारची तुमच्याकडे बसते. झाडांना पाणी घालून झालं तरी बसते."

"मग?"

"गप्पच झाली. मला वाटलं कट झाला. हॅलो हॅलो करतेय मी आपली." सा.का. जिन्याच्या कठड्याला टेकल्या. "मग म्हणते, साळवी वहिनी, मी इथे गाडीत बसते."

"गाडीत?"

"बिल्डिंगखाली गाड्या लावतात ना तिकडे, तिथे. मुलाला सांगते फिरायला जाते. म्हणते, बाहेर गुडघाभर बर्फ, फिरायला कुठे जाणार? पण कोणी विचारत नाही." आणि ह्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी. "गाडी चालू पण करता येत नाही गं तिला! नुसती बसते मागच्या सीटवर!"

मी पण हसले आणि मला पण पाणी आलं. आई आतून, "काय चाललंय काय तुमचं?"

"आणि म्हणाली, पंखा लावत जा. बंद घराला वास बसतो."

खिचडी अप्रतिम होती.

१७ फेब्रुवारी

ग्रुपवर सेक्रेटरी. मालकांच्या फोनवरील सूचनेनुसार फ्लॅट क्र. अमुकची किल्ली साळवी यांच्याकडेच राहील. खाली अंगठे. पहिला अंगठा काळे वहिनींचा.

आणि खाली आईकडे येऊन त्यांची स्वतःची किल्ली परत खिळ्याला अडकवून गेल्या. पाहुणे गेले वाटतं.

दुपारी वर खुर्ची सरकली. मी ताटावरून उठून नाचले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सा.कां.ना विचारून ओ.ला सगळं सांगितलं. ("त्या एकालाच हां. आणि त्याला सांग, हसायचं नाही.") तो हसला नाही. मागे त्याच्या कॉम्प्युटरवर कोणाचीतरी सनई चालू होती, ती त्याने बंद केली.

"मेलेला माणूस कॅन्सल," म्हणाला.

आज मेसेज टाकला नाही आम्ही. दोघांच्याही लक्षात नाही राहिलं. खरंच.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रो.

स्वतःहून. अकराच्या आधी. स्टिकर नाही, पतंग नाही. "दुपारबद्दल बोलायचं आहे. मिसेसने वाचली. कधी मोकळे आहात?"

मोकळे!

ओ.चा आवाज फाटला फोनवर. "त्याच्या बायकोने वाचली! बायकोने! लाव फोन. आत्ता लाव. मी येतो, नाही, मी इथूनच लावतो, नाही, तू लाव."

म्हटलं थांब.

"काय थांब??"

म्हटलं, वरती विचारायचंय अजून.

"मने."

"उद्या विचारते ना."

"मने, हा माणूस पुन्हा मेसेज करणार नाही. हे हॅलेच्या धूमकेतूसारखं आहे."

हे खरं आहे, हे मला माहीत आहे. सगळं माहीत आहे. दिवाळीपासून ह्याच एका मेसेजसाठी... तरी.

२७ फेब्रुवारी

दुपारी वर गेले. पहिल्यांदाच ते घर आतून बघितलं. खिडकीत झाडं, चकाचक. सोफ्यावर चादर टाकलेली. गॅलरीच्या दाराशी एक वेताची खुर्ची. पंखा चालू होता, एकवर. सा.कां.नी दोन कप आणलेले, दोन्ही घरचे. चप्पल आत काढायची असते ते मला माहीतच होतं.

सांगितलं सगळं. प्रो., त्याची बायको, मेसेज. तुम्ही नाही म्हणालात तर नाही, हेही.

त्यांनी थर्मासमधून चहा ओतला.

"सांग मग गोष्ट. पहिल्यापासून. त्या दिवशी नीट ऐकलीच नाही मी. दूध ठेवलेलं ना गॅसवर."

"खरंच ठेवलेलं?"

"नाही गं."

मग सांगितली. त्यांच्याच तासात, त्यांच्याच खुर्चीसमोर फरशीवर बसून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, झाडांकडे बघत होत्या. एकदाच मध्ये बोलल्या. शैला कप विसळते तिथे. "तिथे नको विसळू देऊस तिला. घरी नेऊन विसळेल ती." बदललं लगेच. शेवटी किल्ली परत देण्यापर्यंत आले आणि थांबले, कारण तिथे पुढे काय ते मला हल्ली माहीत नाही.

"मग ती कुठे जाते?"

"तेच शोधतेय काकू."

त्यांनी दोन्ही कप आणि थर्मास पिशवीत घातले. पंखा बंद केला. कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं.

"विचार करून कळवते," म्हणाल्या.

"कधी?"

"घाई आहे का?"

म्हटलं, नाही.

खाली आले. ओ.चे मिस्ड कॉल, मग मेसेज, मग पुन्हा मेसेज. 'अगं त्याला निळ्या टिका दिसत असतील. कालपासून. काय वाटत असेल त्याला??'

पलंगावर बसले. शेवटाचं पान काढलं. मग ओ.ला लिहिलं, वाटेल की वाचला, म्हणजे जिवंत आहेत.